विमानाचे फक्त चार तास

तिकीट काढायला येणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो. भाडं किती आणि पोचायला किती वेळ लागतो. भाड्यावर त्याचा विश्वास बसत नाही, तो घासाघीस करतो, पलीकडच्या दुकानात विचारून येतो. तासांवर मात्र लगेच विश्वास ठेवतो. हैदराबाद ते दुबई चार तास म्हटलं की खूश होतो. "म्हंजे औरंगाबादला जायला लागतात त्याच्याहून कमी की ताई!" असं म्हणून शेजारी बसलेल्या भावाकडे बघतो. त्याचं गणित चुकलेलं नसतं. नांदेडहून औरंगाबादला एसटीने जायला चार तासांपेक्षा जास्तच लागतात. पण या चार तासांच्या दोन्ही बाजूंना काय काय उभं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माझी निम्मी नोकरी ते सांगण्याची आहे.

मी नांदेडला वजिराबादेत तिकिटांचं काउंटर चालवते. माहेर लातूरचं, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतली माणसं येतात. कंधार, मुखेड, देगलूर, बिलोलीकडची पोरं आखातात कामाला जातात. कुणी गवंडी, कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर. उमऱ्याला निघालेल्या बायका येतात, एमबीबीएससाठी परदेशी निघालेली मुलं येतात, नातवंडं बघायला टेक्सासला निघालेले निवृत्त मास्तर येतात. आणि नांदेड म्हटल्यावर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले शीख यात्रेकरू असणारच. त्यांना परतीचं तिकीट बदलून हवं असतं.

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे काय, हे मला माझ्या धंद्यातल्या जुन्या माणसांनी शिकवलं. विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ. अशा दोन बिंदूंमधली, पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सगळ्यांत छोटी वाट म्हणजे ते अंतर. माझ्या टेबलावर शाळेतला पृथ्वीचा गोल आहे आणि त्याच्या दांड्याला सुतळीचा एक तुकडा बांधलेला आहे. कुणी फारच खोदून विचारलं तर मी सुतळीचं एक टोक हैदराबादवर धरते, दुसरं दुबईवर, आणि ताणते. हे अंतर सुमारे 2550 किलोमीटर भरतं. मुंबईवरून ताणली तर 1930च्या आसपास. अमेरिकेला मुलगा असलेल्यांना सुतळीची गंमत जास्त वाटते. दिल्ली ते शिकागो ताणली की सुतळी युरोपच्या मधून न जाता पार वर, बर्फाच्या दिशेने सरकते. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही. एक निवृत्त भूगोलाचे सर हे बघून म्हणाले होते, "तीस वर्षं शिकवलं मी, पण सुतळी लावून कधी दाखवलं नाही."

याच सुतळीने मला एक गोष्ट दाखवली, ती मी लातूरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हटकून सांगते. हैदराबादहून दुबईला सरळ रेघ मारली तर ती वायव्येला वर चढत बिदरच्या खालून येते, निलंगा आणि उमरगा यांच्या मधून जाते आणि धाराशिवच्या आसपासून पुढे निघते. खरी विमानं ठरलेल्या हवाईमार्गांनी जातात, तेव्हा थोडी इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच. म्हणजे निलंग्याचा माणूस सकाळी जेवण बांधून घेतो, आधी पूर्वेला रस्त्याने हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर जातो, तिथे रात्र काढतो, आणि पहाटे विमानात बसून स्वतःच्या शेतावरूनच परत पश्चिमेला जातो. खाली त्याची बायको तेव्हा झोपलेली असते. नांदेडचंही तेच. नांदेड ते दुबई सुतळी ताणली तर 2360 किलोमीटर भरतात, हैदराबादहून भरतात त्यापेक्षा जवळपास दोनशेने कमी. आपण दुबईच्या जवळ आहोत आणि तिकडे जायला आधी लांब जातो.

मी या धंद्यात आले तेव्हा तिकीट कागदाचं होतं. कार्बनचं, लाल शाईचं, पुस्तकासारखं. भाडं काढायला मायलेजचं कोष्टक असे. दोन शहरांमधलं अंतर, आणि त्यावर साधारण वीस टक्के वाढवून मिळणारं कमाल अंतर. तेवढ्यात बसेल अशी कुठलीही वाट घ्या, भाडं तेच. त्याहून वाट लांबली की पाच टक्के, दहा टक्के, असं पंचवीसपर्यंत वाढत जाई. त्या पुढे गेलं तर भाडं मोडून दोन तुकड्यांत काढावं लागे. आम्ही पोरीपोरी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. लंडनला जाताना वाटेत कुवेतला भाऊ आहे, त्याला भेटता येईल का, याचं उत्तर त्या कोष्टकात होतं. जून 2008 पासून कागदी तिकीट जगभर बंद झालं. कोष्टकं आता संगणकाच्या पोटात गेली आहेत आणि नव्या मुलांना ती ठाऊकही नाहीत. मला त्याचं दुःख नाही. त्या कोष्टकात नांदेड, लातूर ही नावं जवळपास नसल्यात जमा होती. आपला प्रवास कागदावर मुंबईपासून सुरू व्हायचा, त्याआधीची रात्रभराची देवगिरी एक्सप्रेस कुठेच मोजली जात नसे.

2008 साल आमच्यासाठी वेगळंच उजाडलं. मार्चमध्ये हैदराबादला बेगमपेठ बंद होऊन शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला. ऑक्टोबरात नांदेडला शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यासाठी नांदेडची जुनी धावपट्टी वाढवून नवा विमानतळ उभा राहिला, त्याला श्री गुरु गोबिंदसिंगजींचं नाव मिळालं. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, देशोदेशींची माणसं आली. किंगफिशरचं विमान मुंबईला जाऊ लागलं. आम्हाला वाटलं, झालं आता. मग ते विमान बंद पडलं. नांदेड आणि लातूरचे विमानतळ 2009 मध्ये आणखी तीन विमानतळांबरोबर 95 वर्षांच्या कराराने रिलायन्सकडे चालवायला दिले गेले. लातूरच्या धावपट्टीवर पुढाऱ्यांची विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरत राहिली. साधं रोजचं प्रवासी विमान काही लातूरला टिकलं नाही. माझे मामा मला चिडवायचे, "लातूरला विमान हाय की गं. फक्त आपल्याला बसू देत न्हाईत."

घड्याळाचं प्रकरण अंतराहून जास्त घोळाचं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सौदीचं अडीच तास. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथल्या घड्याळाची छापलेली असते. समजा विमान हैदराबादहून पहाटे 4 वाजता सुटलं आणि दुबईला 6:30 वाजता उतरलं. गिऱ्हाईक म्हणतं अडीच तास. परतीचं रात्री 10 ला सुटलं, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 ला हैदराबादेत. गिऱ्हाईक म्हणतं पाच तास, जाताना जोरात नेतात आणि येताना रमतगमत आणतात. खरा हिशोब उलटा. जाताना चार तास लागतात, येताना साडेतीन. वरच्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, वारं पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतं. जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीशी असतं. त्यात छापलेली वेळ म्हणजे आकाशातला वेळ नव्हे. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर लागून थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीच्या रांगेतली पंधरा-वीस मिनिटं त्यात आलीच. शिवाय कंपन्या थोडं जास्तीचं धरून छापतात, मग विमान "वेळेआधी" उतरतं आणि घोषणा होते.

पण खरा घात होतो तो रात्री बारानंतरच्या विमानांमध्ये. आखाताची बरीच विमानं हैदराबादहून मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तिकिटावर असतं, 17 तारीख, 00:40. मुखेड तालुक्यातल्या एका माणसाने हे तिकीट मुंबईच्या कुणा एजंटाकडून मोबाइलवर मागवलं होतं. पहिल्यांदाच निघालेला. घरच्यांनी सतरा तारखेचं नीट ठरवलं. दुपारी देवाला नारळ, मग जेवण, मग सगळी भावकी क्रुझरमध्ये भरून त्याला सोडायला निघाली. देगलूर, मदनूर, संगारेड्डी करत रात्री दहाला शमशाबादला पोचले. गेटवरच्या जवानाने तिकीट बघितलं आणि सांगितलं की हे विमान काल रात्रीच गेलं. त्या माणसाला ते पटेना. "आज सतराच हाय की साहेब," हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्या मेव्हण्याकडे माझा नंबर होता, त्याने फोन लावला. फोनवर मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि मधूनच कुणीतरी लहान पोराला दटावत होतं. दुसऱ्या दिवशीचं आसन मिळालं, दंड भरावा लागला, आणि कंपनीच्या माणसाला तिकडे हातापाया पडून समजवावं लागलं. व्हिसाची मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं. भावकीने ती रात्र विमानतळाच्या पार्किंगमध्ये क्रुझरला टेकून काढली.

तेव्हापासून माझ्या काउंटरवरून जाणाऱ्या प्रत्येक रात्रीच्या तिकिटावर मी लाल पेनाने मराठीत लिहून देते. "सोळा तारखेला, मंगळवारी, सकाळी अकराला जेवून निघणे." विमानाची वेळ तिथे नसतेच, घरातून निघण्याची असते. शिकलेली गिऱ्हाइकं हसतात. एका डॉक्टरीणबाईंनी तर हे कशाला, मला कळतं, असं तोडून सांगितलं. त्यांनाही लिहून दिलं.

घरातून निघण्याची वेळ काढताना मी उलटं मोजत येते. विमानाच्या आधी तीन तास विमानतळावर. पहिल्यांदा जाणारा असेल, पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचा शिक्का असेल, तर चार. कारण सौदी, अमिरात, कतार, ओमान अशा देशांना दहावीपेक्षा कमी शिकलेला माणूस कामाला निघाला की त्याचे कागद खिडकीवर जास्त वेळ बघितले जातात. त्याआधी पाटणचेरूपासून बाह्यवळण रस्त्याने शमशाबादपर्यंत तास. त्याआधी नांदेड ते संगारेड्डी. पूर्वी हा रस्ता सात तास खायचा. नरसीपासून पुढे रस्ता म्हणजे खड्डेच. आता अकोला-नांदेड-संगारेड्डी महामार्ग बराचसा चौपदरी झाला आहे आणि साडेचार-पाच तासांत माणूस विमानतळावर असतो. गेल्या काही वर्षांत नांदेडची दुबई जी जवळ आली ती या डांबराने आणली. विमानाचा वेग तेव्हाही तोच होता. लातूरकडून उदगीर, बिदर, जहिराबाद या वाटेने सहा-सात तास धरते. पावसाळ्यात आणखी एक. कुणी रेल्वेने काचीगुड्याला उतरतो म्हणतं, त्याला मी आदल्या दिवशीची गाडी घ्यायला लावते. गाडी उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही.

मुंबईहून विमान तासाभराने कमी, भाडंही पुष्कळदा स्वस्त. पण नांदेडहून मुंबई म्हणजे पूर्ण रात्र, लातूरहून लातूर एक्सप्रेसनेही तेच. पुढे सीएसएमटीहून बॅगा घेऊन अंधेरीकडे जायचं म्हणजे गावच्या माणसाची परीक्षा. म्हणून आपल्या भागातली पोरं पिढीजात हैदराबादवरूनच जातात. तिथली बोली कळते, बिर्याणी ओळखीची असते, निजामाच्या काळापासूनचे सोयरेधायरे असतात. राज्य बदललं 1956 साली, वाट काही बदलली नाही.

एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात एक नांदेड-हैदराबाद होतं. ट्रूजेटचं एटीआर, पंख्यांचं छोटं विमान, सत्तर-बहात्तर जणांचं. तासाभरात हैदराबाद. योजनेतल्या निम्म्या आसनांचं भाडं तासाला अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं. माझ्या काउंटरवर त्या वर्षी जी गर्दी झाली ती आधी कधी झाली नव्हती. एसटीपेक्षा महाग, पण खासगी गाडी करण्यापेक्षा स्वस्त, हा हिशोब मुखेडच्या माणसालाही कळत होता.

मग लोकांना दोन तिकिटांचा नियम कळला. नांदेड-हैदराबाद एका कंपनीचं, हैदराबाद-जेद्दा दुसऱ्या कंपनीचं, दोघांचे पीएनआर वेगळे. पहिल्या विमानात सामान पंधरा किलो, दुसऱ्यात तीस. नांदेडच्या आईने तीस किलोच्या हिशोबाने लोणचं, चटण्या, भाकरीचं पीठ भरून दिलेलं. पंधरा किलोचे जास्तीचे पैसे नांदेडलाच भरा, नाहीतर बॅग उघडून मागे ठेवा. उरलेलं सामान हैदराबादेत पट्ट्यावरून उचला, बाहेर या, परत आत जा, पुन्हा चेक-इन करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पहिलं विमान उशिरा गेलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही आला नाहीत. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असले की पुढची सोय करणं कंपनीवर असतं. दोन तिकिटांवर ते कुणावरच नसतं. मी सांगायचे, मधे सहा तास ठेवा. लोक म्हणायचे, सहा तास बसायचं तर गाडीनेच गेलो नसतो का? त्यांचंही खरं होतं. ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडलं. 2024 मध्ये स्टार एअरची विमानं नांदेडहून सुरू झाली. विमानं येतात तशी वेळापत्रकं बदलतात, म्हणून कुणाच्या लग्नाचं तिकीट मी त्यांच्या भरवशावर बांधत नाही.

शीख यात्रेकरूंचं गणित याच्या बरोबर उलटं. ते परदेशातून निघतात आणि नांदेड हे त्यांचं शेवटचं ठिकाण. टोरंटो ते दिल्ली सुतळीने साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर भरतं, सरळ विमान चौदा तासांत आणतं. दिल्लीहून सचखंड एक्सप्रेस त्यांना नांदेडला आणायला चोवीस तासांहून जास्त घेते. एक वयस्क सरदारजी मला हे हसत हसत सांगत होते, समुद्र ओलांडायला कमी वेळ लागला, पुत्तर. त्यांच्या पत्नीला गाडीच आवडायची, कारण वाटेत स्टेशनांवर लंगर घेऊन माणसं उभी असतात. डिसेंबर 2017 मध्ये एअर इंडियाने अमृतसर-नांदेड विमान सुरू केलं तेव्हा इंग्लंड-कॅनडाच्या लोकांना फार सोय झाली होती. बर्मिंगहॅमहून अमृतसर आणि तिथून नांदेड. कोविडमध्ये ते थांबलं. हजयात्रेकरूंचंही तसंच. मराठवाड्यातले हाजी औरंगाबादहून थेट जेद्दाला जायचे, ते कोविडमध्ये बंद झालं, 2023 मध्ये परत सुरू झालं. पण औरंगाबादहून जाण्याचा खर्च मुंबईपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने बरेच जण मुंबईवरूनच गेले. लातूरच्या एका मौलाना साहेबांनी मला विचारलं, "बाजी, जवळून जायचे पैसे जास्त का?" विमान भरलं तर भाडं उतरतं आणि भाडं उतरलं तर विमान भरतं, याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी 2022 मधले दिवस मात्र वेगळे होते. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला सगळ्या मराठवाड्यातून पोरं तिथे येतात. ज्यांना सरकारी जागा मिळत नाही आणि खासगीची फी झेपत नाही, त्यांच्यातले काही युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांत जायचे. माझ्याकडूनही गेले. तिथली तिकिटं काढताना पालक भूगोल शिकतात. कीव्ह ते दिल्ली सुमारे 4550 किलोमीटर, सरळ विमान असेल तर सहा तास. अहमदपूरच्या एका एसटी कंडक्टरने हा आकडा डायरीत लिहून ठेवला होता. त्याचा मुलगा खारकीव्हला शिकत होता.

24 फेब्रुवारीच्या सकाळी युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. विद्यार्थ्यांना आणायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून दिल्लीला परत आलं. कंडक्टर त्याच संध्याकाळी लातूरहून माझ्याकडे आला, अंगात ड्युटीचाच खाकी शर्ट. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण माणसाला अशा वेळी कुणाच्या तरी समोर बसायचं असतं. तो म्हणाला, "ताई, दुसरीकडून तिकीट काढा. लागंल तेवढं देतो." मी त्याला गोल फिरवून दाखवला. पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया. मुलाला आधी यांपैकी एका सीमेपर्यंत पोचावं लागेल, आणि खारकीव्ह तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, रशियाच्या कुशीत. पश्चिमेची सीमा तिथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. त्याने सुतळी हातात घेतली आणि स्वतःच खारकीव्हवर धरली. एवढ्याशा गोलावर ते अंतर बोटाच्या पेराएवढंही भरलं नाही. तो बराच वेळ तसाच धरून बसला.

26 तारखेला बुखारेस्टहून पहिलं विमान दोनशेवर विद्यार्थी घेऊन मुंबईत उतरलं. मग ऑपरेशन गंगाची विमानं रोज येत राहिली. कंडक्टरचा मुलगा तळघरातून निघून, रेल्वेत उभं राहून, सीमेवर थंडीत रांग लावून मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीला आला. खारकीव्ह ते सीमा जितके दिवस लागले तितके तास सीमेपलीकडच्या विमानतळापासून दिल्लीपर्यंत लागले नाहीत. बापाने मला मुलाचा फोटो पाठवला, लातूर स्टेशनवरचा. खाली लिहिलं होतं, 'पोचला'. पुढे त्याचं शिक्षण कुठे पूर्ण होणार हा प्रश्न वेगळा, आणि तो बरीच वर्षं रेंगाळला.

तेव्हापासून आकाश उघडं आहे का, हे मी तिकिटाआधी बघते. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, एप्रिल 2025 पासून ते आपल्या विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्ली-अमृतसरहून युरोप-अमेरिकेला जाणारी आपली विमानं वळसा घालून जाऊ लागली, तास वाढले, काही ठिकाणी वाटेत इंधनाला थांबावं लागलं. हैदराबाद-दुबईवाल्यांना त्याचा फार फरक पडला नाही, त्यांची वाट अरबी समुद्रावरून, मुंबईच्या नियंत्रणातून मस्कतच्या नियंत्रणात. सुतळीच्या अंतरात यातलं काहीच दिसत नाही.

एका प्रवासाचं मी कधी तिकीट काढत नाही, तरी त्याची चौकशी माझ्याकडे येते. आखातात कुणी दगावलं की. मृतदेह मालवाहतुकीतून वजनावर येतो. तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, दूतावासाचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, शवाला लेप. यात आठवडा सहज जातो, कधी त्याहून जास्त. विमानाचे ते चारच तास. मग शमशाबादच्या कार्गोच्या दारात कंधारची अ‍ॅम्ब्युलन्स रात्रभर उभी. गावाकडे लोक रोज विचारत असतात, दुबई काय एवढी लांब आहे का.

लातूरला आणि नांदेडला परदेशी थेट विमान हवं, असं निवडणुकीच्या सभांमध्ये ऐकू येतं. मला त्याची घाई नाही. नांदेडला धावपट्टी आहे, पण आंतरराष्ट्रीय म्हटलं की सीमाशुल्क आलं, इमिग्रेशनची माणसं आली, आणि रोज विमान भरेल एवढी माणसं हवीत. त्याआधी करण्यासारख्या स्वस्त गोष्टी आहेत. नांदेडहून हैदराबादला आणि मुंबईला जाणारं विमान पुढच्या परदेशी विमानाशी एकाच तिकिटावर जोडलेलं असावं आणि बॅग नांदेडला दिली की दुबईला मिळावी. ते वर्षभर न बदलता चालावं. लातूरच्या बसस्थानकावरून थेट शमशाबाद विमानतळाच्या दारात थांबणारी रात्रीची एसटी असावी. ही एसटी उद्यासुद्धा सुरू करता येईल.

ती सुरू होईपर्यंत लातूरहून दुबईला निघणाऱ्याने घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या खोलीपर्यंत सोळा तास धरावेत, आणि विमान रात्री बाराच्या पुढचं असेल तर तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळीच घर सोडावं.